नाकशेठच्या खिशातली बाटली

दुधाच्या कॅनचं झाकण उचललं तरी आत काय आहे हे डोळ्यांना कळत नाही. चांगलं दूध पांढरं, आणि नासायच्या वाटेला लागलेलंही पांढरंच. कळतं ते नाकाला, आणि तेही झाकण उचलल्याक्षणी. वास साठतो तो झाकणाच्या आतल्या खोलगट भागात. दोन श्वास उशीर केला की तो उडून जातो, मग खुशाल कॅनमध्ये नाक बुडवून बसा. डेअरीच्या धक्क्यावर बावीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला सगळे नाकशेठ म्हणत. शेठ वगैरे तो काही नव्हता. अंगात डेअरीचा निळा डगला, पायात गमबूट, डोक्याला टक्कल. पण सकाळी गाड्या धक्क्याला लागल्या की त्याच्या हो-नाहीवर हजारो लिटर दूध टाकीत जायचं नाहीतर बाजूला निघायचं, आणि तेवढ्यापुरता तो शेठ असायचा.

डाव्या हाताने झाकण उचलायचं, तिरकं करून नाकाशी न्यायचं, अर्धा श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "जाऊ दे" किंवा "बाजूला". एका कॅनला एवढाच वेळ. बाजूला काढलेला कॅन प्रयोगशाळेत जाई. तिथल्या बाई त्यातलं थोडं दूध काचेच्या नळीत उकळून बघत. फुटलं तर कॅन परत, नाही फुटलं तर पुढच्या तपासण्या. नाकशेठने बाजूला काढलेल्या दहा कॅनमधले नऊ फुटायचे. गाय कुठला पाला खाऊन आली, कॅन धुताना सोडा नीट निघाला की नाही, गाडीत दुधाशेजारी रंगाचा डबा होता का, हे तो तोंडावर सांगे. गाडीवाले त्याच्याशी वाद घालत नसत. एकदा एकाने घातला होता, तर नाकशेठ म्हणाला, "दूध नासलेलं नाही रे बाबा, मान्य. पण घरी जाऊन बायकोला एवढंच विचार, या कॅनमध्ये रॉकेल आणतात ते दूध भरायच्या आधी की नंतर." गाडीवाला पुढचा महिनाभर मान खाली घालून येत होता.

नाकावर पोट असलेला माणूस नाकाची जेवढी बडदास्त ठेवतो तेवढी राजेही ठेवत नसतील. तो तंबाखूला शिवला नाही, अत्तर लावलं नाही, कामाच्या पाळीआधी कच्चा कांदा खाल्ला नाही. घरी आल्यावर मात्र भांडी, टॉवेल, उशा, सगळ्यांचा वास घेत फिरायचा. बायको म्हणायची, आधी माणसासारखे बसा, मग कुत्र्यासारखे हुंगा.

तर अशा माणसाला सर्दी झाली.

डेअरीचा नियम साधा होता आणि शहाणपणाचा होता. धक्क्यावरच्या माणसाला सर्दी झाली तर त्याने आठवडाभर कॅन धुण्याच्या विभागात जावं, धक्क्यावर दुसरा उभा राहील. यात कमीपणाचं काहीच नव्हतं. माणूस आहे म्हटल्यावर त्याला वर्षातून दोन-तीनदा सर्दी व्हायचीच. आधी घसा खवखवतो, मग नाक नळासारखं वाहतं, मग शेंबूड घट्ट आणि पिवळा होतो. तो रंग पाहून लोक उगाच घाबरतात आणि कडक गोळ्या मागायला धावतात. कडक गोळ्यांनी सर्दीचं काहीही वाकडं होत नाही. आठ-दहा दिवसांत ती आली तशी आपल्या पायांनी जाते. तिला पाणी द्यावं, झोप द्यावी, रुमाल द्यावा आणि दुसऱ्याला देऊ नये. एवढंच तिचं मागणं असतं.

पण नाकशेठला वाटलं, बावीस वर्षांत बारीकसारीक सर्द्या अंगावर काढल्या पण एकदाही धक्का सोडला नाही, तो आता सोडायचा? धुलाईतली पोरं काय म्हणतील? आणि दुसरा उभा राहील म्हणजे कोण, तर तो मिशाळ गडी, ज्याला नासलेलं दूध आणि ओले मोजे यांतला फरक कळत नाही. तो गेला औषधाच्या दुकानात आणि नाकात घालायचे थेंब घेऊन आला. छोटी पांढरी बाटली, खिशात मावणारी. नाकपुडीत दोन थेंब पडले, आणि मिनिटभरात नाक असं उघडलं की बंद दार कुणी लाथेने उघडावं. त्या दिवशी त्याने एकशे चाळीस कॅन तपासले आणि एकही चुकवला नाही. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नये. बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा घरी होता. नंतर तो खिशात आला तेव्हाही त्याने वाचलं नाही, कारण जे वाचायचं नसतं ते चष्म्यानेही दिसत नाही.

सर्दी आठव्या-नवव्या दिवशी गेली असावी. पण ते त्याला कधी कळलंच नाही. थेंबांचा असर उतरला की नाक पुन्हा चोंदायचं, आधीपेक्षा घट्ट. तो म्हणायचा, ही सर्दी भलतीच चिवट. आणि पुन्हा दोन थेंब. आधी दिवसातून दोनदा, मग चारदा, मग दर दोन तासांनी. पाच महिने झाले. एक बाटली डगल्याच्या खिशात, एक चष्म्याच्या घरात, एक न्हाणीघरातल्या आरशामागे. दर वेळी तो दुकान बदलायचा, म्हणजे कुणी विचारायला नको. ज्याच्या मुठीत सगळ्या धक्क्याचं दूध होतं तो स्वतः नाक मुठीत धरून बाटलीच्या मागे फिरत होता.

आणि वास जात चालला होता. एका दिवसात नाही गेला, ओढ्याचं पाणी आटत जावं तसा गेला. आधी पाल्याचे वास गेले, मग सोड्याचा. आंबूस वास तेवढा राहिला, तोही ऐकू न येणाऱ्या माणसाला ओळखीचा आवाज ऐकल्यासारखा वाटतो तसा. मग त्याने दुसऱ्या युक्त्या धरल्या. कुठली गाडी उशिरा आली, कुठल्या गाडीवाल्याची नजर खाली आहे, कुठल्या कॅनवर साय फाटल्यासारखी दिसते, हे बघून तो "बाजूला" म्हणू लागला. आणि शंका आली की "बाजूला", खात्री नसली की "बाजूला".

प्रयोगशाळेतल्या बाई हुशार होत्या आणि त्यांना मोजायची सवय होती. एक दिवस चहाच्या वेळी त्या त्याच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"नाकशेठ, पूर्वी तुम्ही दहा पाठवायचात, त्यातले नऊ फुटायचे. या महिन्यात तीस पाठवता, त्यातले चार फुटतात. माझ्या नळ्या संपत आल्या."

"उन्हाळा येतोय, बाई. सावध राहिलेलं बरं."

"तेही ठीक. पण परवा जो कॅन तुम्ही सोडला, तो टाकीत जायच्या आधी मी सहज झाकण उचललं. मला कळलं, नाकशेठ. मला. आणि माझं नाक म्हणजे चष्मा टेकवायची जागा, याहून त्याला काम नाही."

तो हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, काही दुखत-खुपत असेल तर सांगा, धुलाईत महिनाभर गेलात तर कुणी तुम्हाला खाणार नाही. त्याने सगळं ठीक असल्याचं सांगितलं, आणि त्या वळल्यावर पाण्याच्या टाकीमागे जाऊन दोन थेंब घातले.

घरी तेव्हा मुलगी आलेली होती. जावयाचं काम तीन महिन्यांसाठी दुसऱ्या गावी होतं, म्हणून ती चार महिन्यांच्या लेकीला घेऊन आईबापांकडे राहत होती. पोरीला घरात ठकी म्हणत. ठकी गोल, टक्कल असलेली आणि आजोबांवर गेलेली होती, असं सगळे म्हणत. आजोबांना हे आवडायचं. पाळी संपवून आला की तो तिला मांडीवर घेई आणि तिच्या डोक्याला नाक लावून बसे. पूर्वी त्याला तिथे कोमट दुधाचा, साबणाचा आणि आणखी कसला तरी वास यायचा, ज्याला नाव नाही. आता नुसतंच मऊ लागायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

मग ठकीला सर्दी झाली. मुलीला झाली होती, तिच्याकडून पोरीला. तान्ह्या मुलाच्या सर्दीत मोठी अडचण एवढीच, की त्याला तोंडाने श्वास घ्यायची अक्कल नसते. नाक चोंदलं की दूध पिताना जीव घुसमटतो, मग ते सोडतं, रडतं, रडल्याने नाक आणखी चोंदतं. मुलगी तिला घेऊन दवाखान्यात गेली. तिथल्या सिस्टरने छातीला नळी लावली, ताप बघितला आणि साधी सर्दी आहे असं सांगितलं. औषध नको, खोकल्याचं तर मुळीच नको. मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. दूध पाजायच्या आधी ते नाकात घाला, मिनिटभर थांबा, पिचकारीने नाक ओढून घ्या, आणि थोडं थोडं पण जास्त वेळा पाजा. मग तिने बोटांवर मोजून दाखवलं की पोर शांत असताना पूर्ण मिनिट श्वास मोजायचे, पन्नासच्या वर गेले तर यायचं. बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, प्यायचं सोडलं, ओठ निळसर दिसले किंवा उठवूनही उठेना, तर वाट बघायची नाही. बाकी रडू द्या, म्हणाली. रडणारं मूल बरं असतं.

बायकोने हे सगळं तंतोतंत केलं. तिने दोन मुलं वाढवली होती आणि शेजारच्या चार. ठकी अर्धं दूध पीत होती, श्वास चाळीसच्या आसपास होते, ताप नव्हता. सगळं जसं असावं तसं होतं. फक्त ती रडत होती, आणि ते नाकशेठला सोसत नव्हतं. तिचं नाक वाजायचं ते त्याला स्वतःच्या नाकात वाजल्यासारखं वाटे. त्याने बायकोला म्हणून पाहिलं, ते मिठाचं पाणी म्हणजे पोरखेळ आहे. बायको म्हणाली, पोरच आहे, पोरखेळच चालायचा.

रविवारी दुपारी बायको बाजारात गेली. मुलगी दोन रात्री झोपली नव्हती. डोक्यावरून न्हाऊन घेते, म्हणाली, दहा मिनिटं बघा बाबा. न्हाणीघराचं दार लागलं आणि ठकीने सूर लावला. त्याने उचलून घेतलं, फिरवलं, थोपटलं. ती रडायची, नाकाने श्वास घ्यायला जायची, अडायची, डोळे मोठे करून त्याच्याकडे बघायची. मिठाच्या पाण्याची बाटली खिडकीत होती. त्याने तिकडे पाहिलं. मग त्याचा हात खिशात गेला. हा हात दर दोन तासांनी आपण होऊन तिथे जायचा, तसाच गेला. एक थेंब या नाकपुडीत, एक त्या. काही झालं नाही. मग आणखी एकेक.

मिनिटभरात नाक उघडलं. ठकीने खोल श्वास घेतला, एक हुंदका दिला, आणि त्याच्या खांद्यावर मान टाकली. पाच मिनिटांत झोपली. मुलगी केस पुसत बाहेर आली तेव्हा तो तिला घेऊन खिडकीशी उभा होता आणि त्याची छाती वीतभर फुगली होती. काय जादू केलीत, असं तिने विचारलं. आजोबांची जादू, असं त्याने सांगितलं. तिने पोरीला पाळण्यात ठेवलं आणि स्वतःही आडवी झाली.

तासाने मुलगी दूध पाजायला उठली. ठकी उठेना. तळपायाला गुदगुल्या केल्या, गार पाण्याचा बोळा कपाळाला लावला, कपडे सैल केले. ती डोळे किलकिले करायची आणि पुन्हा मिटायची. पाय थंडगार होते. तोंड पांढरं पडलं होतं. श्वास चालू होता, पण असा, की एक झाल्यावर दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. तेवढ्यात बायको बाजारातून आली, पिशवी दारातच टाकली आणि म्हणाली, सिस्टर म्हणाली होती, उठवूनही उठली नाही तर. वाक्य तिने पूर्ण केलं नाही. शेजाऱ्याची गाडी होती. तिघं ठकीला घेऊन बसले. नाकशेठ पुढे बसला होता आणि त्याचा एक हात खिशावर होता, जणू तिथून काहीतरी बाहेर पडेल.

रुग्णालयातली डॉक्टर वयाने लहान होती, पण आवाज लहान नव्हता. तिने पोरीला टेबलावर घेतलं, डोळ्यांत उजेड टाकला, पायाला चिमटा काढला. ठकी कशीबशी कण्हली. नाडी फार सावकाश आहे, अंग गार आहे, असं डॉक्टर सिस्टरला म्हणाली. मग या तिघांकडे वळली. सर्दी कधीपासून? ताप? उलट्या? पडली का? बायकोने एकेक उत्तर दिलं. मिठाचं पाणी, तेवढंच. डॉक्टरने पुन्हा विचारलं, दुसरं काहीही, खोकल्याचं औषध, झोपेचं, मोठ्यांचं, कुणी शेजारणीने दिलेलं?

"नाही," मुलगी म्हणाली. "आमच्या घरात असं कुणी करत नाही."

नाकशेठ भिंतीला टेकून उभा होता. तो खाली बघत होता.

डॉक्टरने सांगितलं की एवढ्या लहान मुलात असं एकाएकी झालं की आधी मेंदूच्या संसर्गाचा विचार करावा लागतो. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढून तपासू, औषधं शिरेतून लगेच सुरू करू. सही लागेल. सिस्टरने एक ट्रे आणला. त्यावर हिरवं कापड होतं, आणि कापडाखाली काय आहे ते सगळ्यांना कळलं. मुलीने पेन हातात घेतलं, पण पेनचं टोपण निघेना.

एवढा वेळ नाकशेठच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चार थेंब. चार थेंबांनी काय होतंय? तो स्वतः दिवसाकाठी तीस-चाळीस घालतो आणि धक्क्यावर उभा राहतो. मेंदूचंच काहीतरी असेल. आणि सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार होतं. ही बाटली खिशात कशाला, कधीपासून, किती. बायकोसमोर. मग डेअरी. मग धुलाई. बावीस वर्षं ज्या नावाने हाक मारली जायची ते नाव उरणार नव्हतं.

मुलीने शेवटी दातांनी टोपण काढलं. आणि त्या क्षणी त्याला टेबलावरची ठकी दिसली, डॉक्टरच्या दोन तळव्यांएवढी. चाळीस लिटरच्या कॅनला चमचाभर रॉकेल पुरतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तोच गाडीवाल्यांना शिकवत आला होता. आणि ही तर सहा किलोची होती.

"थांबा," तो म्हणाला. "मी घातलंय."

खोलीत कुणाला कळलं नाही. त्याने बाटली काढून टेबलाच्या कडेला ठेवली.

"हे. नाकात. दुपारी."

"किती थेंब?" डॉक्टरने विचारलं.

"एकेक." मग पुन्हा म्हणाला, "नाही. दोन-दोन. एकाने उघडलं नाही म्हणून."

"किती वाजता?"

"सव्वातीन."

डॉक्टरने बाटली उजेडात धरली आणि ती बारीक अक्षरं वाचली, जी त्याने पाच महिने वाचली नव्हती. सिस्टरला म्हणाली, ट्रे राहू दे. ठकीच्या छातीला तारा चिकटवल्या, गरम दुपट्यात गुंडाळलं, प्राणवायूची नळी जवळ आणून ठेवली. हे औषध मोठ्यांच्या नाकातल्या शिरा आवळतं, तिने सांगितलं, पण तान्ह्या मुलाच्या मेंदूपर्यंत पोचलं की त्याला झोपवतं, नाडी मंद करतं, अंग गार पाडतं. यावर उतारा नाही. ते उतरेपर्यंत तिच्यावर नजर ठेवायची, श्वास थांबला तर हाताशी असायचं. उद्या सकाळपर्यंत.

मग ती त्याच्याजवळ आली.

"तुम्ही आत्ता सांगितलंत म्हणून तिच्या पाठीत सुई गेली नाही. दारातून आत आल्याआल्या सांगितलं असतं, तर माझा आणि तिचा तेवढा वेळ गेला नसता. दोन्ही लक्षात ठेवा." बाटली तिने परत दिली नाही. "हे तुम्ही स्वतः किती दिवस घेताय?"

त्याने बायकोकडे पाहिलं. बायको त्याच्याकडेच बघत होती.

"पाच महिने."

मुलगी पेन हातात धरून तशीच उभी होती. तिने बापाकडे पाहिलं नाही. ती त्याच्या आणि टेबलाच्या मध्ये आली, त्याची सावली पोरीवर पडू नये अशा तऱ्हेने, आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ठकीने डोळे उघडले, भुकेने आकाशपाताळ एक केलं आणि शिंकली. सर्दी जशीच्या तशी होती. नाक वाहत होतं, वाजत होतं, दूध पिताना अडत होतं. मुलगी रडता रडता मिठाचे थेंब घालत होती. पुढच्या पाच-सहा दिवसांत ती सर्दी गेली, कुणाच्याही जादूशिवाय.

घरी आल्यावर बायकोने बाटल्या शोधल्या. आरशामागची, चष्म्याच्या घरातली, जुन्या गमबुटातली, तांदळाच्या डब्यातली. अकरा निघाल्या, काही भरलेल्या, काही रिकाम्या. तिने त्या स्वयंपाकाच्या ओट्यावर रांगेत मांडल्या आणि त्याला बोलावलं.

"सवत आणली असतीत तर परवडलं असतं," ती म्हणाली. "तिचा निदान आवाज तरी येतो."

एवढंच बोलली आणि बाटल्या एकेक करून मोरीत ओतल्या. त्याने विनोद समजून हसायचा प्रयत्न केला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

त्याच डॉक्टरने त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे धाडलं. त्या म्हाताऱ्या गृहस्थाने नाकात उजेड टाकून पाहिलं आणि सांगितलं की तुमची सर्दी पाच महिन्यांपूर्वीच संपली, उरली ती बाटली. थेंब उतरले की शिरा पहिल्यापेक्षा जास्त फुगतात, तुम्ही पुन्हा थेंब घालता, त्या पुन्हा फुगतात. आधी एका नाकपुडीचं बंद करा, ती आपली आपण उघडेपर्यंत दुसरीवर निभवा, मग दुसरीचं. एक फवारा लिहून दिला आणि मिठाचं पाणी सांगितलं. तेच पोरखेळाचं. पहिले आठ दिवस नाकी नऊ येतील, म्हणाला. ते शब्दशः खरं निघालं. तो उशीवर उशी ठेवून बसल्या बसल्या झोपायचा, तोंड कोरडं पडायचं, डोकं ठणकायचं, आणि हात आपण होऊन खिशाकडे जायचा. खिसा रिकामा असायचा. बायकोने त्याच्या सगळ्या डगल्यांचे खिसे शिवून टाकले होते, एक सोडून.

डेअरीत त्याने स्वतःच जाऊन प्रयोगशाळेतल्या बाईंना सांगितलं. आधी त्यांना, मग साहेबांना. साहेब चिडले ते नाक गेलं म्हणून नाही, पाच महिने लपवलं म्हणून. पाच महिन्यांत किती दूध अंदाजाने टाकीत गेलं याचा विचार करा, असं म्हणाले, आणि नाकशेठने तो रात्रंदिवस केलेला होता हे त्यांना माहीत नव्हतं. त्याला धुलाईत टाकलं. मिशाळ गडी धक्क्यावर उभा राहिला. धुलाईतली पोरं पहिले दोन दिवस गप्प होती, मग एकाने त्याला 'सोडाशेठ' म्हटलं, आणि सगळे हसले, आणि तोही हसला, कारण दुसरं काय करणार.

घरात मात्र मुलगी बोलत नव्हती. म्हणजे जेवायला वाढलंय, पाणी तापलंय, एवढं बोलायची. पण ठकीला त्याच्याजवळ देत नसे. तो आला की पोर आजीच्या कडेवर जायची नाहीतर शेजारी. न्हायला जाताना मुलगी पाळणा न्हाणीघराच्या दाराशी ओढून नेई आणि दार अर्धं उघडं ठेवी. त्याने एकदा हात पुढे केला, तर ती म्हणाली, "राहू द्या, बाबा." आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं त्याला. महिना गेला. उजवी नाकपुडी उघडली, मग डावी. वास लगेच आला नाही. पहिला आला तो धुण्याच्या सोड्याचा, आणि तो इतका झोंबला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी एक दिवस त्याला बोलावून पाच झाकणं समोर ठेवली. तीन बरोबर ओळखली.

"पाचात तीन," तो म्हणाला.

"दुधात पाचात तीन म्हणजे नापास," बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात पुन्हा या."

जावयाचं काम लांबलं, म्हणून मुलगी अजून तिथेच होती. ठकी सहा महिन्यांची झाली आणि तिला दुसरी सर्दी झाली. लहान मुलाला वर्षात सहा-आठ होतात, घाबरायचं काही नसतं. पण त्या घरात सगळे घाबरले. मुलीला त्याच वेळी ताप भरला होता, अंग दुखत होतं, उठवत नव्हतं. बायको तिच्यासाठी गोळ्या आणायला गेली. ठकी रडत होती, नाक वाजवत होती. नाकशेठ दाराशी उभा राहिला, आत आला नाही.

मुलगी कोपरावर उठून बसली.

"खिसे दाखवा," ती म्हणाली.

त्याने दाखवले. बायकोने न शिवलेला तो एक खिसा उलटा करून बाहेर ओढला. रुमाल, किल्ली, चष्म्याचं घर. तिने चष्म्याचं घरही उघडायला सांगितलं. त्याने उघडलं. आत चष्मा होता. तिने खिडकीकडे बोट दाखवलं, तिथली बाटली त्याला आणायला लावली, आणि त्याने चष्मा लावून त्यावरचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं. मीठपाणी. मग ठकी त्याच्या मांडीवर आली.

त्याने एकेक थेंब घातला, मिनिटभर थांबला, पिचकारीने नाक ओढून घेतलं. ठकी किंचाळली आणि तिने त्याच्या टकलावर मूठ मारली. मग ती हळूहळू शांत झाली. तो घड्याळ समोर धरून तिच्या पोटाची हालचाल मोजू लागला. मुलगी अंथरुणातून ओठ हलवत त्याच्याबरोबर मोजत होती, त्याच्यावरची नजर न काढता.

"एक्केचाळीस," तो म्हणाला.

"माझे बेचाळीस झाले," मुलगी म्हणाली. "पुन्हा मोजा."

त्याने पुन्हा मोजायला सुरुवात केली.